उपल ते ओपल

ओपल या रत्नाच्या नावाचा माग काढत गेले की वाट स्वयंपाकघरातल्या वरवंट्यापाशी येते. बहुतेक कोशकार इंग्रजी ‘ओपल’ लॅटिन ‘ओपालस’वरून आणि तो शब्द संस्कृत ‘उपल’वरून आल्याचे मानतात. उपल म्हणजे दगड. कोणताही दगड. अमरकोशात तो पाषाण, प्रस्तर, अश्मन् आणि शिला यांच्याच ओळीत बसतो. यज्ञाच्या साहित्यात दृषद् आणि उपला अशी जोडी असते. दृषद् हा खालचा पाटा, तर उपला हा त्यावर फिरणारा वरचा दगड. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातल्या एका सूक्तात घरातल्या माणसांचे व्यवसाय सांगताना दळणाऱ्या बाईला ‘उपलप्रक्षिणी’ म्हटले आहे. मेघदूतात नर्मदेचे पात्र विंध्याच्या पायथ्याशी ज्या खडकांमुळे खडबडीत झाले आहे, तेही उपलच. यांतल्या एकाही दगडात रंग खेळत नाहीत.

रत्न म्हणून ओपलचे भारतात फारसे कौतुक कधी झाले नाही. हिरा, माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, नीलम, गोमेद आणि लसण्या या नवरत्नांत त्याला जागा नाही. आज ज्योतिषी शुक्रासाठी हिऱ्याऐवजी परवडणारा खडा म्हणून ओपल सुचवतात. त्याचे ‘ओपल’ हे नाव मात्र इंग्रजीतून परत आलेले. त्याचे मूळ ‘उपल’ आहे याची सराफालाही सहसा कल्पना नसते.

कौतुक झाले ते रोममध्ये. प्लिनीने इसवी सन ७७ च्या सुमारास लिहिलेल्या ‘निसर्गेतिहासा’च्या ३७ व्या खंडात ओपलचे मनापासून वर्णन केले आहे: माणकाची धग, जांभळ्या स्फटिकाची झाक आणि पाचूचा हिरवेपणा एकाच खड्यात. नोनियस नावाच्या सिनेटरापाशी हेझलनटएवढा ओपल होता. मार्क अँटनीने त्याला कायद्याबाहेर ठरवले, तेव्हा त्याने सगळी मालमत्ता मागे टाकली आणि खडा तेवढा घेऊन पळ काढला, अशी कथाही प्लिनी सांगतो. भारत ही ओपलची एकमेव जन्मभूमी, असे मात्र त्याने लिहिले, आणि तिथे त्याची गफलत झाली असावी. रोमनांचे खडे बहुधा आजच्या स्लोव्हाकियातल्या डोंगरांतून येत. पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांनी भाव चढवण्यासाठी भारताचे नाव लावले असल्यास नवल नाही. माल युरोपातला आणि नाव भारतातले, असा हा उलटा व्यापार.

पुढे युरोपात ओपलच्या मानात चढउतार झाले. वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीतल्या अशुभ ओपलमुळे लोक तो खडा टाळू लागले, असे म्हणतात. राणी व्हिक्टोरियाला तो आवडे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मोठे साठे सापडल्यावर तिथलाच माल जगभर जाऊ लागला.

खनिज म्हणून ओपल तसा साधाच: सिलिका आणि पाणी. क्वार्ट्झही सिलिकाचाच, पण त्यात अणूंची नेटकी स्फटिकरचना असते. ओपलमध्ये ती नसते किंवा फार अपुरी असते. मोसच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झची कठीणता ७, ओपलची साडेपाच ते साडेसहा. शिवाय पोटात पाणी असल्यामुळे तापवले किंवा फार कोरडे पडले तर त्याला तडे जातात. साधा ओपल दुधी, एकरंगी असतो आणि लाव्हाखडकांच्या पोकळ्यांत पुष्कळ ठिकाणी मिळतो. मौल्यवान ओपल हलवला की लाल, हिरवे, निळे ठिपके जागा बदलतात. रंगद्रव्य शोधायला जावे तर त्यात ते नसतेच. मग रंग येतात कुठून?

या प्रश्नाची एक महत्त्वाची फेरी बंगळूरमध्ये झाली. सर चंद्रशेखर वेंकट रमण १९३३ मध्ये कोलकात्याहून तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक म्हणून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना केली. १९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था उभी केली. तिथल्या संग्रहात हिरे, खनिजे, शिंपले, फुलपाखरे असे जे जे चमकते ते जमा होत गेले. हा संग्रह हौसेचा होता आणि प्रयोगशाळेचा कच्चा मालही होता. शिंपल्याच्या आतल्या चकाकीवर रमण यांनी १९३० च्या दशकातच काम केले होते. १९५० मध्ये लॅब्रडोराइट या निळसर झळकणाऱ्या खनिजावर शोधनिबंध आला, १९५४ मध्ये मोत्यावर. दोहोंच्या मध्ये, १९५३ मध्ये, ओपल.

रमण आणि त्यांचे तरुण सहकारी ए. जयरामन यांनी त्या वर्षी अकॅडमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये ओपलची रचना आणि त्याची रंगक्रीडा यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. तोवर ओपलच्या रंगांचा दोष बहुधा आतल्या चिरा आणि पोकळ्यांवर टाकला जाई. पण चिरांमधून येणारे रंग मिसळलेले, साबणाच्या फुग्यासारखे दिसायला हवेत. ओपलमधून परत येणारा प्रकाश वर्णपटात पाहिला तर एकेका ठिपक्याचा रंग विलक्षण शुद्ध निघतो. असा रंग समान अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुष्कळ थरांशिवाय मिळत नाही. हे थर अपवर्तनांकात किंचित फरक असलेल्या सिलिकाच्या दोन स्फटिकरूपांचे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तो निम्मा बरोबर ठरला. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा थरांऐवजी गोळे दिसले: सिलिकाचे, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर व्यासाचे, एकसारख्या मापाचे आणि बाजारात संत्री रचावीत तसे रचलेले. लहान गोळ्यांच्या राशीतून निळा-जांभळा रंग येतो, लाल रंगाला मोठे गोळे लागतात. म्हणून लाल झळकणारा ओपल दुर्मीळ आणि महाग. रचनेतली नियमितता रमण यांनी नेमकी ओळखली होती. नियमित काय आहे, ते प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्याजोगेच नव्हते. त्यांच्या निष्कर्षातले क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचे स्फटिकरूपही पुढे ओपलच्या वर्गीकरणात राहिले, पण ज्वालामुखीच्या प्रदेशातल्या ओपलपुरते. ऑस्ट्रेलियाचा झळकता ओपल अस्फटिकच निघाला. प्रकाश अडवणाऱ्या अशा नियमित रचनांना १९८७ नंतर ‘फोटॉनिक स्फटिक’ म्हणू लागले आणि सारख्या मापाचे गोळे साचवून कृत्रिम ओपल करणे हा पदार्थविज्ञानातला नित्याचा उद्योग झाला.

‘ओपल’ हा शब्द दगडापासून सुटला तो ‘ओपलेसन्स’मुळे. इथे झळक नव्हे, तर साध्या ओपलचा दुधीपणा अभिप्रेत आहे. पाण्यात दुधाचे चार थेंब टाकले की बाजूने ते निळसर दिसते आणि पलीकडचा दिवा तांबूस, तोच हा परिणाम. एखादा द्रव आणि त्याची वाफ यांच्यातला भेद ज्या तापमानाला नाहीसा होतो, तिथे स्वच्छ पदार्थही अचानक दुधासारखा होतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे साधारण ३१ अंश सेल्सिअसला घडते. स्मोलुचोव्स्कीने १९०८ मध्ये आणि आइनस्टाइनने १९१० मध्ये त्याचे कारण घनतेच्या चढउतारांत शोधले. समुद्राच्या निळ्या रंगाचा उलगडा करताना १९२१ मध्ये रमण यांनी हाच सिद्धांत वापरला होता. ओपलच्या दोन्ही गुणांशी, दुधीपणाशी आणि झळकीशी, एकाच माणसाचा बत्तीस वर्षांच्या अंतराने संबंध आला.

दुधीपणावरूनच ‘ओपल काच’ हे नाव पडले. काचेत फ्लोराइडसारखी द्रव्ये मिसळली की बारीक कण तयार होऊन प्रकाश विखुरतो. दिव्यांच्या हंड्या आणि हल्ली घरोघरी दिसणारे पांढरे डिनर सेट याच काचेचे. बाकीचे ‘ओपल’ नुसते नामसाधर्म्याचे किंवा आद्याक्षरांचे: सर्नमधला एक पूर्वीचा कणशोधक, सिडनीजवळची अणुभट्टी, दहेजचा पेट्रोरसायन कारखाना. ओपेल मोटार तर आडनावाची; तिचा दगडाशी काहीच संबंध नाही.

दगडाबाहेरचा खराखुरा ओपल वनस्पतींत सापडतो. भात, ऊस आणि गवते जमिनीतली विरघळलेली सिलिका शोषून पेशींत ओपलच्या रूपाने साठवतात. उसाचे पाते हात कापते ते काही अंशी त्यामुळेच. वनस्पती कुजली तरी हे कण मातीत टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून जुन्या वस्तीत भात पिकत होता की भरड धान्य, हे पुरातत्त्वज्ञ सांगू शकतात. बांबूच्या पेरांत हीच सिलिका खड्यांच्या रूपात साचते. ते वंशलोचन, अरबी-फारसीतले तबाशीर. डेव्हिड ब्रूस्टरने १८१९ मध्ये त्याचे प्रकाशीय गुण तपासले होते. पाण्यात भिजवले की हा पांढरा खडा बराचसा पारदर्शक होतो.

वंशलोचन मराठी घरांत खोकल्याच्या औषधातून येते. मधात कालवून चाटवायच्या सितोपलादी चूर्णात पाच द्रव्ये असतात: दालचिनी १ भाग, वेलची २, पिंपळी ४, वंशलोचन ८ आणि सितोपला १६. सितोपला म्हणजे सित उपल, पांढरा दगड, अर्थात खडीसाखर. चूर्णाच्या नावातला ‘उपल’ साखरेचा आहे, आणि खरा ओपल त्याच्या शेजारच्या आठ भागांत, वंशलोचनात आहे.