विनामोबदला गृहश्रम : बुलढाणा जिल्हा

कुटुंबीयांसाठी केलेल्या, पण ज्यांबद्दल वेतन मिळत नाही अशा स्वयंपाक, पाणी व सरपण आणणे, बालसंगोपन, आजाऱ्यांची व वृद्धांची शुश्रूषा इ. कामांना ही संज्ञा लावतात. हीच सेवा विकत घेतल्यास ती राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते, घरात मिळाल्यास नाही. हा भेद मोजणीच्या सोयीसाठी केलेला असला, तरी त्याची झळ मुख्यत्वे स्त्रियांना लागली. वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाचे भाव चढले. खामगावची बाजारपेठ भरभराटीस आली व 1870 मध्ये ती लोहमार्गाने जोडली गेली. बाजार, कचेरी आणि रेल्वे ही नवी क्षेत्रे पुरुषांसाठी खुली झाली. कापसाची वेचणी आणि घर बव्हंशी स्त्रियांकडे राहिले. याच काळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुष तुलना हा निबंध लिहिला. तो 1882 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील सरकारी कचेरीत नोकरीस असून सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून स्त्रीजातीवर झालेली टीका हे लेखनाचे निमित्त. पुरुषांनी नव्या राहणीचे लाभ घ्यावेत व जुना धर्म तेवढा स्त्रियांनी पाळावा, या विसंगतीवर ताराबाईंनी कठोर प्रहार केला. श्रमाच्या मोबदल्याचा हिशेब हा काही निबंधाचा विषय नव्हे. तथापि कर्तव्ये एकीकडे व अधिकार दुसरीकडे ही जी वाटणी त्यांनी उघडी केली, तीच पुढे अर्थशास्त्राच्या वह्यांतही आढळते. जोतीराव फुले यांनी निबंधाचा पक्ष घेतला; पुढे तो विस्मृतीत गेला व 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणला.

कापूस उत्पादक गावातील स्त्रीचा दिवस पाहिला, तर ही वाटणी स्पष्ट होते. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला की ती मजूर ठरते. स्वतःच्या शेतात वेचला, तर पीक राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते, पण ती केवळ ‘कुटुंबातील विनावेतन मदतनीस’ राहते. हंगाम संपल्यावर चुलीसाठी पऱ्हाट्यांचा भारा घरी आणला, तर राष्ट्रीय लेखापद्धतीनुसार ते उत्पादन होय. मात्र राष्ट्रीय नमुना पाहणीत केवळ घरकाम व असे संकलन करणाऱ्या स्त्रीस 93 हा संकेतांक मिळून ती श्रमशक्तीबाहेर जाते. त्याच पऱ्हाट्यांवर भाकरी भाजली, तर ते उत्पादनही नव्हे. 1971 च्या जनगणनेने तर ‘मुख्य काम’ विचारून, शेतात राबणाऱ्या पण मुख्य काम घरकाम असे नोंदविल्या गेलेल्या असंख्य स्त्रियांना अकर्मी ठरविले.

1972–73 च्या दुष्काळानंतर राज्याने रोजगार हमीचा कायदा केला (1977, अंमल 26 जानेवारी 1979). त्याने स्त्रीपुरुषांना समान दर दिले व त्यामुळे स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर आल्या. खडी फोडणे हे काम ठरले. त्याआधी पहाटे आणलेले पाणी व कामावरून परतल्यावरचा स्वयंपाक मात्र पूर्वीप्रमाणेच हिशेबाबाहेर राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते, मजुरीच्या समतेने स्त्रीच्या दिवसाची लांबी कमी झाली नाही, ही या अन्यथा स्तुत्य कायद्याची मर्यादा होय.

2019 च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत 6 वर्षांवरील 81.2 टक्के स्त्रिया विनावेतन घरकाम करीत असल्याचे व त्यांना त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे लागत असल्याचे दिसले. पुरुषांबाबत हे आकडे 26.1 टक्के व 97 मिनिटे होते. या श्रमास रुपयांत किंमत लावण्याचे प्रसंग थोडे, आणि तेही बहुधा मृत्यूनंतरच्या नुकसानभरपाईचे. लता वधवा खटल्यात (2001) सर्वोच्च न्यायालयाने 34 ते 59 वयोगटातील गृहिणींच्या सेवेचे मूल्य दरमहा 3,000 रुपये धरले. 2021 मध्ये एका वाहन-अपघाताच्या दाव्यात गृहिणींचे काल्पनिक उत्पन्न ठरविले पाहिजे, असे न्यायालयाने पुन्हा सांगितले.