मिश्र हवामानातील ट्रॅक डेसाठी मोटारसायकल टायरची निवड

ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर शुल्क भरून, कोणत्याही स्पर्धेविना, स्वतःची मोटारसायकल चालवण्याचा दिवस. अशा दिवशी सकाळी मार्ग ओला आणि दुपारी कोरडा असेल, किंवा मधूनच सर येण्याची शक्यता असेल, तर त्यास मिश्र हवामान म्हटले जाते. शर्यतीतील संघाकडे कोरड्या व ओल्या मार्गासाठी टायरचे स्वतंत्र संच आणि ते बदलणारी माणसे असतात. हौशी चालकाकडे बहुधा एकच संच असतो, आणि मोटारसायकल रस्त्याने चालवत नेली असेल तर त्याच संचावर त्याला घरीही परतायचे असते. त्यामुळे त्याच्यासाठी ही निवड फेरीची वेळ कमी करण्यापेक्षा न पडता दिवस पार पाडण्याशी अधिक संबंधित आहे.

पकड कशी निर्माण होते

रबराची पकड मुख्यतः दोन प्रक्रियांतून मिळते. पहिलीत रबर पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटते. दुसरीत ते डांबरातील खडीच्या उंचसखल भागांत रुतते आणि पुन्हा मूळ आकारात येताना ऊर्जा शोषून घेते. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की पहिली प्रक्रिया जवळपास संपते आणि सर्व भार दुसरीवर पडतो. खडीत रुतण्यासाठी रबर मऊ असावे लागते. पाणी मात्र टायर सतत थंड करीत असते आणि थंड झालेले रबर कडक होते. म्हणूनच ओल्या मार्गासाठीच्या मिश्रणात काजळीबरोबर (कार्बन ब्लॅक) किंवा तिच्याऐवजी सिलिका वापरतात. सिलिकायुक्त रबर कमी तापमानातही लवचीक राहते. शर्यतीचा स्लिक टायर साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करतो. ओल्या मार्गावर त्याला ते तापमान गाठताच येत नाही.

टायरवरील खाचांचे काम पाणी बाजूला सारणे एवढेच आहे. जास्त नक्षी म्हणजे जास्त पकड हा समज कोरड्या मार्गावर उलटा ठरतो, कारण प्रत्येक खाच रबराचे संपर्कक्षेत्र कमी करते आणि खाचांमधले ठोकळे वळणात वाकतात. ओल्यात मात्र खाचा नसतील तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. नासाचे संशोधक हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ मध्ये विमानाच्या टायरसाठी मांडलेल्या सूत्रानुसार तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३० पीएसआय दाबासाठी तो ताशी सुमारे ९१ किमी येतो. मोटारसायकलच्या टायरचा छेद गोलाकार व संपर्कक्षेत्र अरुंद असल्याने तो पाणी अधिक सहजपणे कापतो, त्यामुळे हा आकडा तिला जसाच्या तसा लागू होत नाही. दाब कमी केल्यास तरंगण्याचा धोका वाढतो, हा सूत्राचा कल मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रकार

एका टोकाला पूर्ण गुळगुळीत स्लिक आणि दुसऱ्या टोकाला खोल खाचांचा, अतिशय मऊ रबराचा शर्यतीचा पावसाळी टायर असतो. हे दोन्ही केवळ बंदिस्त मार्गासाठी आहेत. पावसाळी टायरचा मोठा दोष मार्ग कोरडा पडू लागला की दिसतो. त्याचे मऊ ठोकळे तापतात, वाकतात आणि काही फेऱ्यांतच फाटू लागतात. पिरेलीचा डायब्लो रेन आणि मिशेलिनचा पॉवर रेन ही या वर्गातील परिचित नावे आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये रस्त्यावर चालणाऱ्या टायरची मालिका आहे. पिरेली डायब्लो सुपरकोर्सा एसपी किंवा मिशेलिन पॉवर कप २ यांसारख्या टायरवर रस्त्यासाठीची मान्यता असते, पण त्यांच्या खाचा नाममात्र असतात. ऊन असताना ते उत्तम, पहिल्या सरीनंतर मात्र त्यांच्यावरचा विश्वास डळमळतो. त्यापुढे स्पोर्ट आणि स्पोर्ट-टूरिंग वर्ग येतात. यांतील अनेक टायरच्या मध्यभागी टिकाऊ व कडांना मऊ असे दुहेरी मिश्रण असते. मिशेलिन रोड मालिका ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी ओळखली जाते.

एकच संच असल्यास

पावसाची शक्यता खरी असेल आणि बदली संच नसेल, तर सिलिकायुक्त स्पोर्ट किंवा स्पोर्ट-टूरिंग टायर ही बहुतेक हौशी चालकांसाठी योग्य निवड आहे. कोरड्या मार्गावर असा टायर स्लिकपेक्षा लवकर तापून निसरडा होतो, म्हणजे वीस मिनिटांच्या सत्रातील शेवटच्या फेऱ्यांत वेग थोडा आवरावा लागतो. हे नुकसान हळूहळू होते आणि चालकाला आधी जाणवते. ओल्या मार्गावर थंड स्लिकची पकड सुटते तेव्हा मात्र तशी पूर्वसूचना क्वचितच मिळते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही.

अर्थात टायर योग्य असूनही मार्गाच्या सर्व भागांत पकड सारखी नसते. कोरड्या दिवसांत शर्यतीच्या रेषेवर साचलेले रबर आणि कडेचे रंगवलेले कर्ब ओले झाले की सर्वाधिक निसरडे असतात. म्हणून पावसात अनुभवी चालक नेहमीची रेषा सोडून थोडे बाहेरून जातात. मार्ग सुकू लागला की याच्या उलट होते: वाहनांच्या वर्दळीने नेहमीची रेषा आधी सुकते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ओल राहते. अशा वेळी कोणाला ओलांडण्यासाठी रेषा सोडणे हा पडण्याचा नेहमीचा प्रसंग आहे.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो काही अंतर सौम्यपणे चालवून घासून घ्यावा लागतो, आणि हे काम पावसातल्या पहिल्या सत्रासाठी राखून ठेवू नये.

हवेचा दाब

कोरड्या मार्गावर टायर बराच तापतो व आतील दाब वाढतो. ३० पीएसआयच्या आसपास तापमानातील दर १० अंशांच्या वाढीला दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. सकाळी ३० अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर ७० अंशांना ३६ पीएसआयपर्यंत जातो. म्हणून ट्रॅक डेला सत्राच्या आधी दाब कमी ठेवतात आणि सत्र संपताच, टायर गरम असतानाच, पुन्हा मोजतात. ओल्यात टायर फारसा तापत नसल्याने दाबही वाढत नाही. कोरड्यासाठी उतरवलेला दाब तसाच राहिला तर टायर दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडत नाही. त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याच्या टायरचा दाब वाहन उत्पादकाने सांगितलेल्या दाबाच्या जवळ परत न्यावा. शर्यतीच्या टायरसाठी टायर उत्पादकाचा तक्ताच प्रमाण मानावा. भरवशाचे दाबमापक स्वतःचे असणे इष्ट; पेट्रोल पंपावरील मापकांची वाचने एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती

भारतातील ट्रॅक डे प्रामुख्याने चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास मोटर रेस ट्रॅक (लांबी सुमारे ३.७ किमी), कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट (२०११) येथे होत आले आहेत. कोल्हापूरजवळ मोहिते कुटुंबाच्या अकादमीचा मार्ग आहे, पण तो कार्टिंगसाठी बांधलेला आहे. पुण्याहून चेन्नई सुमारे अकराशे-बाराशे किलोमीटर दूर आहे. हे अंतर मोटारसायकलने कापल्यास मागील टायर मध्यभागी सपाट घासला जातो आणि वळणात झुकताना त्या सपाट भागाची कड जाणवते. परतीच्या प्रवासात हाच झिजलेला मध्यभाग पावसाला तोंड देतो. ट्रॅक डेसाठी टायर निवडताना हा परतीचा प्रवास सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. शक्य असल्यास मोटारसायकल टेम्पोतून नेणे हा टायरच्या दृष्टीनेही फायद्याचा पर्याय आहे.

ऋतूंच्या बाबतीतही एक गफलत होते. महाराष्ट्रात नैर्ऋत्य मोसमी पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, त्यामुळे ऑक्टोबरनंतर पाऊस संपला असे येथील चालक गृहीत धरतो. तमिळनाडूत मात्र ईशान्य मोसमी पावसाचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर हा आहे. घरी कोरडे ठाक असताना इरुंगट्टुकोट्टईला मार्ग पाण्याखाली असू शकतो. महाराष्ट्राच्या आतही फरक कमी नाही. लोणावळ्याचा वार्षिक पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तर तेथून दीडशे किलोमीटरच्या आत, पर्जन्यछायेतील हिवरे बाजार (जिल्हा अहिल्यानगर) येथे तो चारशे मिलिमीटरच्या आसपास असतो. नगर भागातील चालकाला वर्षभर पुरणारा टायर घाटमाथ्यावर अपुरा पडतो, तो याच कारणाने.

उपलब्धतेचा प्रश्न वेगळा आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० सारख्या मोटारसायकलींना मागे १५०/६० आर १७ हे माप लागते. या मापात रस्त्याचे टायर सहज मिळतात, शर्यतीचे पावसाळी टायर मात्र दुर्मिळ असतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित वर्गात टाकल्यानंतर आयात टायरचा पुरवठा आणखी अनिश्चित झाला. देशी उत्पादकांत एमआरएफ (गोव्यात उसगाव येथे कारखाना), सिएट (नागपूर येथे दुचाकी टायरचा कारखाना), अपोलो आणि टीव्हीएस युरोग्रिप यांचे स्पोर्ट वर्गातील रेडियल टायर उपलब्ध आहेत. पहिल्या काही ट्रॅक डेंसाठी ते पुरेसे आहेत.

शर्यतींतील उदाहरणे

मोटोजीपीत २००५ पासून पाऊस आल्यास शर्यत न थांबवता चालकाला वेगळे टायर लावलेली दुसरी मोटारसायकल घेण्याची मुभा आहे. पुरवठादार मिशेलिनने २०१६ मध्ये ओल्या व कोरड्याच्या मधल्या स्थितीसाठी 'इंटरमीडिएट' टायर दिले होते. पुढील वर्षी ते बंद झाले. २०१७ मध्ये ब्रनो येथे सुकत चाललेल्या मार्गावर मार्क मार्केझ इतरांआधी, दुसऱ्याच फेरीअखेर, स्लिकच्या मोटारसायकलवर गेला आणि मोठ्या फरकाने जिंकला. २०२१ च्या ऑस्ट्रियन ग्रांप्रीत शेवटच्या फेऱ्यांत पाऊस वाढल्यावर आघाडीचे चालक मोटारसायकल बदलायला गेले. ब्रॅड बिंडर स्लिकवरच थांबला आणि जिंकला. या दुसऱ्या उदाहरणाचे आकर्षण मोठे आहे. पण बिंडरच्या हाती मोजक्याच फेऱ्या उरल्या होत्या व टायर आधीच तापलेले होते. पिटमधून थंड स्लिकवर पावसात निघणाऱ्या हौशी चालकाची स्थिती तशी नसते. भारतातही सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपीच्या शनिवारी पावसामुळे स्प्रिंट शर्यत लांबली होती.

खुणा व नियम

टायरच्या बाजूवर माप, भारांक आणि वेगचिन्ह असते. '१५०/६० आर १७ ६६ एच' म्हणजे रुंदी १५० मिमी, उंची रुंदीच्या ६० टक्के, रेडियल बांधणी, १७ इंची रिम, ३०० किलो भारक्षमता आणि ताशी २१० किमी कमाल वेग. चार अंकी तारखेत पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि ते सर्वप्रथम ओल्यातच उघडे पडते.

मोटारीच्या टायरवर ओल्या पकडीची प्रतवारी दर्शवणारे लेबल युरोपात असते. मोटारसायकलच्या टायरना ते लागू नाही. भारतातील ओल्या पकडीचे मानक एआयएस-१४२ देखील दुचाकींच्या टायरना लागू होत नाही. त्यामुळे खरेदीदाराला उत्पादकाचे वर्णन आणि स्वतंत्र चाचण्या यांवरच विसंबावे लागते. रस्त्यावर वापरायच्या दुचाकी टायरवर आयएस १५६२७ नुसार भारतीय मानक ब्युरोची खूण आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिमी खोल असावी लागते, पण ओल्या ट्रॅकसाठी ही मर्यादा फारच अपुरी आहे. स्लिक आणि शर्यतीचे पावसाळी टायर लावून सार्वजनिक रस्त्यावर येणे बेकायदेशीर आहे. सर्वसाधारण वाहन विमा पॉलिसीतून आयोजित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, म्हणून ट्रॅक डेला जाण्यापूर्वी पॉलिसीतील वापराच्या मर्यादा वाचून घ्याव्यात.