बालकांचा अतिसार व रोटा विषाणू



उष्टावणासाठी आपल्या मंदिरात येणाऱ्या कुटुंबांकडून एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो : "दात येत आहेत, म्हणून जुलाब होतात." दात येण्याचे वय आणि रोटा विषाणूमुळे तीव्र अतिसार होण्याचे वय जवळजवळ एकच, साधारणतः सहा महिने ते दोन वर्षे. म्हणूनच हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला असावा. वस्तुतः दातांमुळे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. या समजुतीपायी एक-दोन दिवस दवडले जातात आणि तान्ह्या जिवावर बेतायला तेवढे पुरे होतात.

१९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी बालकांच्या आतड्यात हा विषाणू आढळला. तो चाकासारखा दिसतो, म्हणून 'रोटा' हे लॅटिन नाव. मलातून हातांवर, हातांवरून खेळण्यांवर व तेथून मुखात असा त्याचा प्रवास असतो. स्वच्छ घरांतही तो शिरतो, तेव्हा कोणी संकोच बाळगू नये. आरंभी ताप व उलट्या, पाठोपाठ जुलाब. हे तीन ते आठ दिवस चालते. प्रतिजैविके येथे निरुपयोगी आहेत. आजार आपसूक ओसरतो, परंतु शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने घात होतो.

यास्तव पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी थोडी थोडी, चमच्याने पाजावी. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावी. अंगावरचे दूध कदापि बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्याव्यात. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी न होणे, मूल मलूल पडणे, टाळू खोल जाणे ही धोक्याची चिन्हे होत. टाळू बसली म्हणून घरी तेल भरत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतिबंधक लस तोंडावाटे दिली जाते. दिल्लीत नवजात बालकांमध्ये आढळलेल्या विषाणूपासून डॉ. महाराज किशन भान व अनेक शास्त्रज्ञांच्या दीर्घ परिश्रमांतून 'रोटावॅक' सिद्ध झाली. तिची निर्मिती आपल्याच हैदराबाद नगरीत भारत बायोटेकने केली, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील चाचण्यांत तीव्र आजाराचे प्रमाण पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक घटले. म्हणजे संरक्षण मोठे, पण पूर्ण नव्हे. २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने तिचा समावेश झाला. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील तिन्ही मात्रा सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. बारशाच्या धावपळीत पहिली मात्रा राहून जाऊ नये.

एक नम्र विनंती. सहा महिन्यांच्या आतील बालकाच्या मुखी तीर्थ घालू नये, मस्तकी लावावे. पुजारीवर्गास तशी सूचना दिलेली आहे.

— कार्यवाह, विश्वस्त मंडळाकरिता