थंड हवेचीं ठिकाणें : महाबळेश्वर नि माथेरान

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली कीं मुंबई-पुण्याच्या घराघरांतून एकच खल सुरू होतो : यंदा कोठें जावयाचें? वडील माणसें कोंकणांतील आजोळ सुचवितात, आजीबाई पंढरपूर किंवा नाशिक यांचें नांव घेतात. पण मुलांना विचारल्यास महाबळेश्वर, नाहीं तर माथेरान, हें उत्तर बहुधा ठरलेलें. हवा खाण्यासाठीं डोंगरावर जाणें आतां इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, हा प्रघात महाराष्ट्रांत पुरता दोनशें वर्षांचा देखील नाहीं हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

पेशवाईच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रीय मनुष्य घराबाहेर पडे तो यात्रेसाठीं, स्वारीसाठीं, व्यापारासाठीं, फार तर सोयरिकीसाठीं. केवळ अंगाला गारवा लागावा म्हणून बिऱ्हाड उचलून दोन महिने अरण्यांत जाऊन राहावें ही गोष्ट त्याला वेडेपणाची वाटली असती. डोंगरावर देव असत नि किल्ले असत. देवाच्या भेटीस जावें, दर्शन घेऊन परतावें. किल्ल्यावर चाकरीस जावें, चाकरी संपली कीं उतरावें, एवढाच त्याचा डोंगराशीं संबंध होता.

महाबळेश्वरासहि लोक याच भावनेनें जात. आज प्रवासी ज्या बाजारपेठेंत उतरतो तें मूळचें महाबळेश्वर नव्हे. जुनें क्षेत्र तेथून तीन-चार मैलांवर आहे. तेथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री नि गायत्री या पांच नद्यांचे उगम मानलेले आहेत. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवानें या उगमावर बांधकाम केलें अशी परंपरा आहे. गुरु कन्या राशीस आला म्हणजे बारा वर्षांनीं एकदां भागीरथी येथें प्रकट होते, आणि सरस्वती तर साठ वर्षांनीं, अशी भाविकांची श्रद्धा. श्रद्धेची गोष्ट बाजूस ठेविली तरी स्थळाचें नवल कमी होत नाहीं. एकाच डोंगरमाथ्यावरून निघालेली कृष्णा पूर्वेस आठशेंहून अधिक मैल चालून बंगालच्या उपसागरास मिळते, आणि सावित्री पश्चिमेचा कडा उतरून बाणकोटाशीं अरबी समुद्रास जाते. इ. स. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि समोरच्या डोंगरावर प्रतापगड बांधविला. तीन वर्षांनीं त्याच्याच पायथ्याशीं अफजलखानाचा निकाल लागला. १६६५ च्या जानेवारींत महाराजांनीं मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली तीहि या क्षेत्रींच.

असें असतां इंग्रजी पुस्तकांतून मात्र या जागेचा "शोध" १८२४ सालीं लागला असें लिहिलेलें आढळतें. त्या वर्षीं सातारच्या छावणींतील लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी डोंगर चढून आला, आणि पश्चिमेकडील एका सुळक्यावर उभा राहून त्यानें कोंकणाची शोभा पाहिली. साहेब चढला त्या दिवशीं क्षेत्रांतील पुजारी नित्याप्रमाणें अभिषेक करीत असतील, रानांतील धनगर आपली गुरें वळीत असतील. पण शोध कोणी लाविला हें लेखणी ज्याच्या हातीं असते तोच ठरवितो.

तरीहि इंग्रजांच्या या खटपटीस निव्वळ चैन म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. कंपनीच्या फौजेंतील गोरे शिपाई लढाईंत मरत त्याहून अधिक पटकी, हिंवताप नि यकृताच्या विकारांनीं मरत. आजारी माणसास विलायतेस धाडावयाचें तर सहा-सहा महिन्यांची समुद्रयात्रा. त्यापेक्षां येथल्याच एखाद्या उंच डोंगरावर त्याला ठेवितां आलें तर खर्च वांचेल नि माणूसहि वांचेल, असा तो हिशेब होता. सिमला नि उटकमंड हीं ठिकाणें याच सुमारास वसूं लागलीं. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंचीचा हा माथा मुंबई सरकारच्या नजरेस आला यांत आश्चर्य नाहीं.

अडचण एकच होती : डोंगर कंपनीचा नव्हता. तो सातारच्या छत्रपतींचा होता. त्या वेळीं गादीवर प्रतापसिंह महाराज होते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनींच त्यांना गादीवर बसविलें होतें; परंतु हा राजा केवळ शोभेचा नव्हता. सातारा शहरांत पाणी आणणें, रस्ते बांधणें, शाळा काढणें या कामांत त्यांचें खरें लक्ष असे, आणि ते स्वतः रोजनिशी लिहीत. ब्रिग्ज हा साताऱ्यास रेसिडेंट असतां त्याच्या सांगण्यावरून महाराजांनीं महाबळेश्वरपर्यंत चांगला रस्ता बांधून दिला. म्हणजे साहेबलोकांच्या गाड्या वर चढल्या त्या छत्रपतींच्या खजिन्यांतून झालेल्या वाटेनें.

पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम यानें ही जागा स्वतः पाहिली आणि १८२९ च्या मे महिन्यांत महाराजांशीं करार केला. डोंगरावरील मुलूख कंपनीस मिळाला. त्याच्या बदल्यांत महाराजांस वाईकडील खंडाळा हें गांव देण्यांत आलें. (बोरघाटांतील खंडाळा तें निराळें.) नव्या वस्तीस मालकमपेठ असें नांव पडलें. मालकम नि महाराज यांचा स्नेह होता, आणि त्या स्नेहांत कपट होतें असें म्हणण्यास आधार नाहीं. पण मालकम १८३० सालीं विलायतेस परतला, १८३३ सालीं वारला, आणि त्याच्यामागून आलेल्या अधिकाऱ्यांस त्या स्नेहाची पर्वा नव्हती. पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा नि कंपनीचे शिपाई फितविल्याचा आरोप महाराजांवर आला. अपराध कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील, असें त्यांस सांगण्यांत आलें. महाराजांनीं सही केली नाहीं. १८३९ च्या सप्टेंबरांत त्यांना पदच्युत करून काशीस पाठविलें, आणि तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्यें वर्षानुवर्षें दाद मागत राहिले, ती शेवटपर्यंत मिळाली नाहीं.

या सर्व इतिहासाची एक खूण आज प्रत्येक प्रवासी पाहतो, पण ओळखत नाहीं. ज्या वेण्णा तलावांत मंडळी नावेंतून फिरतात, तो निसर्गानें केलेला नव्हे. प्रतापसिंहांच्या मागून त्यांचे बंधु शहाजी उर्फ आप्पासाहेब गादीवर आले. त्यांनीं १८४२ च्या सुमारास पेठेच्या पाण्यासाठीं तो बांधविला. वडील बंधु काशींत कैदेंत, आणि धाकटे बंधु इंग्रजांच्या पेठेस पाणी पुरवीत आहेत! १८४८ च्या एप्रिलांत आप्पासाहेब वारले, दत्तक नामंजूर झाला नि सातारचें राज्य खालसा झालें. तलाव तेवढा राहिला.

पेठ वसली तीहि आपोआप नव्हे. येथें एक तुरुंग बांधला होता, आणि त्यांत चीन नि मलाया यांकडील कैदी ठेवीत. सुमारें १२० माणसांची त्यांत सोय होती. समुद्रापलीकडचीं हीं माणसें सह्याद्रीच्या धुक्यांत रस्त्यांवर नि बागांत खपलीं. बटाटे नि विलायती भाज्या या डोंगरावर पिकूं लागल्या त्या मुख्यतः त्यांच्या मेहनतीनें. वेताच्या खुर्च्या नि टोपल्या विणण्याचें कामहि ते करीत. साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर ताजी भाजी येई ती अशी. १८६४ सालीं तो तुरुंग मोडला. आज महाबळेश्वर-पांचगणीच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा अभिमान सर्वत्र सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु या मातींत परदेशी भाजीपाला रुजविण्याचे पहिले कष्ट ज्यांनीं उपसले त्यांपैकीं एकाचेंहि नांव कोणास ठाऊक नाहीं. "चायनामन" या नांवाचा एक धबधबा आहे, एवढीच त्यांची आठवण.

वर्षाचा क्रम मग ठरून गेला. मुंबई सरकार उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं, पावसाळ्यांत पुण्यास. मुंबईहून येणारी मंडळी गलबतानें नागोठण्यास किंवा सावित्रीच्या खाडींत उतरून घाट चढत. पुढें आगगाडी झाल्यावर वाठार स्टेशनापासून टांग्यानें वाईवरून पसरणीचा घाट चढूं लागली. टांगा थकला तरी बायकामुलांना डोलींत घालून नेणारे भोई थकत नसत, निदान त्यांनीं थकलेलें चालत नसे. जून लागला कीं सर्व सामसूम. येथें वर्षास दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां बंगल्यांच्या भिंतींना गवताचे जाड पडदे बांधून मालक खालीं उतरत आणि माळी, रखवालदार नि धनगर तेवढे मागें राहत.

साहेबांनीं आपल्या सोयीचीं नांवेंहि दिलीं. मढीमहाल होता त्याचें आर्थरसीट झालें. नाकेखिंडीस मालकमच्या मुलीवरून केट्स पॉइंट म्हणूं लागले. लॉडविक ज्या सुळक्यावर उभा राहिला तेथें त्याच्या मुलानें पुढें १८७४ सालीं स्तंभ उभारिला. एल्फिन्स्टन पॉइंट आहे, पण महाराष्ट्राच्या या माथ्यावर रस्ता बांधून देणाऱ्या प्रतापसिंहांचा "पॉइंट" कोणी पाहिला आहे काय? गंमत अशी कीं मार्गदर्शक मुलगा हीं इंग्रजी नांवें तोंडपाठ म्हणून दाखवितो, आणि मराठी प्रवासी तीं कौतुकानें ऐकतो.

निराळी वाट धरणारे नव्हतेच असें नाहीं. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत विश्रांतीस जात ते सिंहगडावर. तेथें त्यांचा लहानसा बंगला होता. हवा थंड, पाणी देवटाक्याचें, आणि सभोंवतीं तानाजीच्या पराक्रमाची भूमि. गव्हर्नराच्या पंगतीस बसण्यापेक्षां ग्रंथ नि एकांत यांच्या संगतींत सुटी घालविणें त्यांस रुचलें. सुटीच्या ठिकाणाची निवड देखील माणसाचा स्वभाव सांगते.

महाबळेश्वरची सरबराई मध्यम स्थितीच्या गृहस्थास परवडणारी नव्हती, आणि वाटहि लांबची. त्याच्या सुटीची सोय केली ती माथेराननें. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा चौकाकडून हा डोंगर चढला नि पुढच्या वर्षीं त्यानें तेथें घर बांधलें. त्याआधीं ठाकूर, कातकरी नि धनगर यांच्या पाउलवाटा तेथें होत्याच. परंतु माथेरान खरें लोकांचें झालें तें आगगाडीनें. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभाई यांनीं सुमारें सोळा लाख रुपये घातले, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं काम तडीस नेलें, आणि १९०७ सालीं नेरळहून अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर चढली. ही रेल्वे सरकारनें नव्हे, एका देशी घराण्यानें बांधली ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. २००५ च्या अतिवृष्टींत हे रूळ वाहून गेले होते; ते पुन्हा घातले गेले. मोटारीस मात्र माथेरानांत अद्यापि मज्जाव आहे.

याच माथेरानांत १ डिसेंबर १९१२ रोजीं एका नाभिकाच्या घरीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. सुटीस येणाऱ्यांच्या सेवेवर ज्या गांवाचें पोट, त्या गांवांतला हा मुलगा शिकून वकील झाला. डोंगरपायथ्याचे शेतकरी नि आदिवासी यांच्यासाठीं त्यानें धान्याची पेढी नि शाळा चालविल्या. १९४२ च्या लढ्यांत मुंबईच्या गिरण्यांकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे त्याच्या "आझाद दस्त्यानें" पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल नि त्यांचे सोबती हिराजी पाटील हे हुतात्मे झाले. मुंबईंत दादर स्टेशनाच्या पश्चिमेस, प्लाझा चित्रपटगृहाजवळ, वीर कोतवाल उद्यान आहे. माथेरानास निघालेलीं किती तरी कुटुंबें आपल्या वळकट्या घेऊन त्याच्या कुंपणावरून नेरळची गाडी पकडावयास जातात.