मुलाखतीतला प्रश्न आणि १९५३ सालचे गणित

नवी मुंबईत ऐरोली-महाप्यापासून पनवेलपर्यंत गेल्या काही वर्षांत मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी तिथे कामाला असतो. केबल जोडता येणे आणि ठरलेल्या आज्ञा पाठ असणे एवढ्यावर पहिली नोकरी मिळून जाते. वरिष्ठ नेटवर्क अभियंत्याच्या जागेसाठी मात्र उमेदवाराला फळ्यापाशी उभे करून काहीसा असा प्रश्न विचारतात : दहा हजार संगणक आहेत, त्यांतला कोणताही दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी पूर्ण वेगाने बोलू शकला पाहिजे, तर जाळे कसे आखाल? याचे उत्तर टेलिफोनच्या इतिहासात सापडते.

क्रॉसबार पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आडव्या आणि उभ्या तारा असत आणि जिथे त्या एकमेकींना छेदत तिथे एक जोड. ३६ तारा येणाऱ्या आणि ३६ जाणाऱ्या असतील तर सरळ मांडणीत १,२९६ जोड लागतात. दहा-दहा हजार तारांना दहा कोटी. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस (काही जण क्लो असा उच्चार करतात) यांनी मार्च १९५३ च्या 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये सुचवले की एका अवाढव्य चौकटीऐवजी लहान चौकटींचे तीन थर करावेत. पहिल्या थरात सहा-सहा तारांच्या सहा चौकटी, शेवटच्या थरातही तशाच, आणि मध्ये काही चौकटी, ज्या पहिल्या व शेवटच्या थरातील प्रत्येक चौकटीला जोडलेल्या.

मधल्या चौकटी किती हव्यात? हा प्रश्न वर्गात जरूर घालून पाहा. मला बोलायचे आहे, पण माझ्या चौकटीतील इतर पाच जण आधीच बोलत आहेत. त्यांनी पाच मधल्या चौकटी अडवल्या. ज्याला फोन लावायचा त्याच्या बाजूचेही पाच जण बोलत आहेत आणि दुर्दैवाने त्यांनी दुसऱ्याच पाच अडवल्या. दहा गेल्या, अकरावी असली की माझा फोन लागलाच पाहिजे. म्हणजे n तारांना २n − १ चौकटी. आता जोड मोजा : प्रत्येक थरात ३९६, एकूण १,१८८. वाचले अवघे १०८! पण दहा हजार तारांना हेच गणित केले, तर दहा कोटींऐवजी ५९ लाख ७० हजार जोड पुरतात.

कार्यालयांतील संगणकांची जाळी विणली जाऊ लागली तेव्हा अडचण निराळी होती. इथरनेटवरील संदेशाला आयुष्यमर्यादा नसते. जाळ्यात कुठे वर्तुळ झाले की तो फिरतच राहतो, त्याच्या प्रती निघत जातात आणि जाळे गुदमरते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्विच आपापसांत ठरवून जास्तीच्या वाटा बंद ठेवतात, म्हणजे जाळ्याचे झाड होते आणि झाडात वर्तुळ नसते. उपाय सुरेखच. पण पैसे मोजून टाकलेल्या केबल नुसत्या पडून राहतात, आणि झाड फार लांबत गेले तर स्विचांचा मेळ बिघडतो. बोस्टनच्या बेथ इझरायल डीकॉनेस रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये हेच घडले. काही दिवस जाळे धड चालेना आणि डॉक्टरांना, परिचारिकांना पुन्हा कागदावर काम करावे लागले. तेथील माहिती विभागाच्या प्रमुखांनी हा प्रकार झाकून न ठेवता जाहीर केला, हे मला विशेष मोलाचे वाटते.

डेटा सेंटरमध्ये तर एका साध्या विचारणेसाठी शेकडो संगणक एकमेकांशी बोलतात. वाहतूक बाहेरच्या जगाकडे कमी, आतल्या आत जास्त. थोडक्यात, जुने टेलिफोन एक्स्चेंजच. गूगलने २००५ पासून क्लॉसच्या मांडणीची जाळी बांधली, पण ते सविस्तर सांगितले २०१५ मध्ये. त्याआधी २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी दाखवून दिले होते की, ४८ तोंडांचे साधे, स्वस्त स्विच थराथराने जोडून २७,६४८ संगणकांना पूर्ण वेग देता येतो. इथे एका संभाषणासाठी वाट राखून ठेवत नाहीत, संदेशांचे प्रवाह सगळ्या वाटांवर वाटून देतात. म्हणून वरचे स्विच २n − १ न घेता n च घेतात आणि क्वचित होणारी गर्दी सोसतात. वाटा ठरवण्यासाठी अनेक ठिकाणी बीजीपी हा १९८९ सालचा, मुळात निरनिराळ्या संस्थांची जाळी जोडण्यासाठी केलेला नियमसंच वापरतात. त्यामुळे कोणतीही केबल बंद ठेवावी लागत नाही.

मुलाखतीत यापुढचा प्रश्न बहुधा असा असतो : वरचा एक स्विच मध्यरात्री बंद पडला तर? दोन वाटांच्या जुन्या झाडात चालू वाट गेली की सारा भार उरलेल्या एकीवर, आणि तीही गेली तर सगळेच बंद. त्यामुळे अभियंत्याला तेव्हाच झोपेतून उठवावे लागे. २७,६४८ संगणकांच्या मांडणीत खालच्या प्रत्येक स्विचला वर जाण्याच्या २४ वाटा असतात. त्यांतली एक जाते, तेवीस उरतात. स्विच सकाळी चहा झाल्यावर बदलला तरी चालतो.