पाखराच्या पायातले वाळे

तान्ह्या बाळाच्या पायात आपण वाळे घालतो ते कौतुकाने. पण रानच्या पाखराच्या पायात वाळे कशासाठी? मागे अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो, तेव्हा हा प्रश्न मला पडला. तेथे शहरातल्या एका उंच इमारतीच्या कठड्यावर बहिरी ससाण्याचे घरटे होते. तीन आठवड्यांची, कापसाच्या गोळ्यांसारखी पिले; त्यांचा एकच आकांत; आणि शिरस्त्राण घातलेल्या माणसांवर झेपावणारी त्यांची आई! मादीचा पाय जाड म्हणून तिला मोठे कडे, नराला लहान.

"कशाला हा छळ?" मी पुटपुटलो.

"बाबा, उद्या हे पिलू दुसऱ्या गावी दिसले, तर ओळखायचे कसे?" लेक म्हणाली.

या विद्येचा आरंभ एका शाळामास्तराने केला. डेन्मार्कमधील व्हिबोर्गच्या मॉर्टेन्सन यांनी जस्ताची कडी करून पाहिली, ती जड झाली. मग १८९९ साली त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची, क्रमांक कोरलेली कडी साळुंकीच्या कुळातल्या १६५ पक्ष्यांना घातली. आपल्याकडेही १९२७ मध्ये धारच्या महाराजांच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम सुरू केले.

ससाण्याची कथा मात्र करुण आहे. शेतावर फवारलेले डीडीटी किड्यांतून पाखरांत आणि पाखरांतून ससाण्यात साठत गेले. अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली, की उबवणाऱ्या आईच्याच भाराने ती फुटू लागली! १९६५ च्या सुमारास मिसिसिपीच्या पूर्वेला ससाण्याची एकही वीण उरली नाही. १९७० साली टॉम केड यांनी पिंजऱ्यात पिले वाढवून मोकळी सोडण्यासाठी संस्था काढली. १९७२ मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली. सोडलेल्या पिलांच्या पायांत कडी होती. म्हणूनच कोणते पिलू जगले, कुठे संसार थाटला, हे दुर्बिणीतून वाचता आले. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या पुलांवर घरटी झाली, आणि १९९९ साली संकटग्रस्तांच्या यादीतून या पक्ष्याचे नाव निघाले.

पिले परत घरट्यात ठेवली गेली. आई क्षणभर घिरट्या घालून त्यांच्यापाशी उतरली. मी लेकीकडे पाहिले. तीही माझ्या घरट्यातून सातासमुद्रापार उडालेली. तिचे पत्र आले, की आमच्या घरात दिवाळी होते. वाळ्यावरचा तो क्रमांक म्हणजे तरी दुसरे काय? लेकराच्या खुशालीचे पत्रच की!