कुत्र्याचे पथ्य: भाकरतुकड्यापासून मापाच्या घासापर्यंत

पाळीव कुत्र्याचा लठ्ठपणा हा पशुवैद्यकाच्या इतिहासात फार उशिरा दाखल झालेला विकार आहे. कुत्रा माणसाच्या दाराशी आला त्याला दहा-पंधरा हजार वर्षे तरी उलटून गेली असली, तरी या काळाच्या बहुतेक भागात त्याच्या धन्यापुढचा प्रश्न त्याला पुरेसे घालायचे कोठून हा होता. त्याच्या ताटलीतून काढून काय घ्यायचे हा प्रश्न जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. म्हणूनच कुत्र्याच्या पथ्याचा, म्हणजे वजन उतरवण्यासाठी ठरवून दिलेल्या मोजक्या आहाराचा इतिहास पाहू जाता तो कुत्र्याचा कमी आणि त्याला घालणाऱ्या हाताचा अधिक निघतो.

जुन्या व्यवस्थेत हे माप आपोआप राखले जाई. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैश्वदेवानंतर कुत्रा, कावळा आदींसाठी जमिनीवर अन्न ठेवण्याचा विधी सांगितला आहे, आणि हा श्वानबळी म्हणजे घासभर अन्न होते, जेवण नव्हे. महाराष्ट्रातील खेड्यांत परातीतल्या शेवटच्या पिठाची जी लहानशी चानकी थापली जाई, ती बहुधा पोराच्या नाहीतर कुत्र्याच्या वाट्याची असे. तिचा आकार कुत्र्याच्या भुकेवर ठरत नसे, परातीत उरलेल्या पिठावर ठरे. दख्खनच्या पठारावरील कारवानी जातीचे शिकारी कुत्रे अशा भाकरी-दुधावर वाढले आणि सशामागे धावून ते पचवत राहिले. निव्वळ मांसाहारी समजल्या जाणाऱ्या प्राण्याला धान्य कसे मानवले, याचे उत्तर स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दिले: लांडग्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या शेतीने कुत्र्याचे आतडेही शेतकरी केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

रोमन लेखक कोलुमेल्ला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या सातव्या भागात कुत्र्यांना जवाचे पीठ ताकाच्या निवळीत कालवून घालावे, आणि जेथे गुरे नाहीत तेथे गव्हाची भाकर शिजवलेल्या घेवड्यासारख्या कडधान्यांच्या कोमट पाण्यात भिजवून द्यावी, असे सांगितले आहे. याहून महत्त्वाचे आहे ते त्याने कुत्र्याच्या अंगलटीबद्दल केलेले विवेचन. वाड्याची राखण करणारा कुत्रा भरदार व जड असला तरी चालेल, कारण त्याला पळायचे नसते; मेंढपाळाचा कुत्रा शिकारी कुत्र्याइतका सडपातळ नको आणि राखणदाराइतका जडही नको. कुत्र्याचे योग्य वजन त्याच्या कामावरून ठरते, हा विचार येथे इतक्या स्वच्छपणे मांडलेला आहे की पुढे कामच संपल्यावर काय होणार, याचा अंदाज त्यातूनच यावा.

काम प्रथम संपले ते श्रीमंतांच्या मांडीवरील कुत्र्यांचे. लंडनमधील पशुवैद्य डेलाबेअर ब्लेन याचा कुत्र्यांच्या रोगांवरील ग्रंथ १८१७ मध्ये निघाला आणि त्यानंतरच्या इंग्रजी ग्रंथांतून, अतिपोषित व बैठ्या कुत्र्याला लागणारी धाप हा एक ठरलेला विषय होऊन बसला. तथापि तो मूठभर घरांचा विकार होता. शहरातील सामान्य कुत्रा खाटकाच्या टाकाऊ मालावर किंवा गल्लोगल्ली घोड्याचे मांस विकणाऱ्या फेरीवाल्यावर जगत होता, आणि त्या फेरीवाल्याचे वर्णन हेन्री मेह्यू याने लंडनच्या गोरगरिबांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात करून ठेवले आहे.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने. विजेपासून संरक्षण देणारे वाहक विकण्यासाठी हा माणूस लंडनला आला असता, गोदीतील कुत्रे खलाशांची कडक बिस्किटे अधाशीपणे खात असल्याचे त्याने पाहिले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा विक्रेत्याने रचलेली असो, १८६० च्या सुमारास त्याने गव्हाचे पीठ, बीट व इतर भाज्या आणि अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील गुरांचे सुकवलेले मांस यांची कुत्र्यांसाठी वडी बाजारात आणली. तिची किंमत बेताची नव्हती आणि गिऱ्हाईक शिकारीची हौस असलेला जमीनदार होता. याच कंपनीत नोकरी करून विक्रीकला शिकलेल्या चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्वतःच्या नावाने कुत्र्यांचे जे प्रदर्शन भरवले ते आजही भरते, यावरून खाद्याचा धंदा आणि जातिवंत कुत्र्याची हौस या दोन गोष्टी कशा हातात हात घालून वाढल्या ते ध्यानात येईल. यातील एक योगायोग मोठा मौजेचा आहे. याच शहरात, स्प्रॅटची वडी आली त्याच दशकात, १८६३ साली विल्यम बँटिंग या अंत्यविधीच्या सामानाच्या व्यावसायिकाने स्वतःच्या लठ्ठपणावर पत्रक लिहून पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडल्याने आपण हलके झाल्याचे जगाला सांगितले. म्हणजे लंडनचा माणूस पाव टाकू लागला तेव्हाच लंडनच्या कुत्र्यापुढे गव्हाचे बिस्कीट ठेवले जाऊ लागले.

शास्त्राने मात्र अजून कुत्र्याच्या लठ्ठपणाकडे पाहिले नव्हते, जरी आहारशास्त्राचा पाया कुत्र्यावरच रचला जात होता. फ्रान्सस्वा माजँदी याने १८१६ मध्ये कुत्र्यांना केवळ साखर व शुद्ध पाणी देऊन ते महिनाभरात मरतात असे दाखवले, त्यातून नत्रयुक्त अन्नाची, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनांची गरज सिद्ध झाली. एडवर्ड मेलन्बी याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पिल्लांमध्ये मुडदूस हा हाडे वाकवणारा रोग आहाराने उत्पन्न करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळून दाखवला. आणि १९३७ साली कॉनराड एल्व्हेयम याने कुत्र्याची काळी पडलेली जीभ निकोटिनिक आम्लाने बरी करून माणसातील पेलाग्रा या रोगाचे कोडे सोडवले. हे सर्व प्रयोग कमतरतेचे होते. शंभर वर्षांहून अधिक काळ कुत्र्याच्या अन्नाविषयीचा शास्त्रीय विचार ‘काय कमी पडले’ याच प्रश्नाभोवती फिरला, आणि त्याचा परिणाम असा झाला की अधिक घालणे म्हणजे चांगले घालणे, ही समजूत शास्त्राच्याच आशीर्वादाने घरोघर पोचली.

अपवाद एकच, पण फार मोलाचा. म्युनिकमध्ये मॅक्स रुब्नर याने १८८३ मध्ये सुमारे ३ किलोपासून ३१ किलोपर्यंतच्या कुत्र्यांचा उष्णताव्यय मोजला, तेव्हा लहान कुत्रा दर किलोमागे दिवसाला ८८ च्या आसपास आणि मोठा ३६ च्या आसपास उष्मांक (कॅलरी, म्हणजे अन्नातील ऊर्जेचे माप) खर्च करतो, असे आढळले. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो व त्यातून उष्णता अधिक निसटते, हे त्याचे स्पष्टीकरण पुढे पुरते टिकले नाही. परंतु वजन दुप्पट म्हणून अन्न दुप्पट हा हिशेब चुकीचा आहे, एवढे त्याने कायमचे ठरवले. कॅलिफोर्नियातील मॅक्स क्लायबर याने १९३२ मध्ये या नात्याला सूत्राचे रूप दिले. किलोतील वजनाचा पाऊण घात (०.७५) काढून त्याला ७० ने गुणले की स्वस्थ पडून राहिलेल्या प्राण्याला दिवसभरात लागणारे उष्मांक मिळतात. आज कोणत्याही पशुवैद्याने लिहून दिलेले वजन उतरवण्याचे पथ्य बहुधा याच सूत्रावर उभे असते, फक्त त्यात कुत्र्याचे आजचे वजन न घालता त्याचे असायला हवे ते वजन घालतात.

सूत्र तयार होते, पण त्याची गरज पडावी अशी परिस्थिती अमेरिकेत निर्माण होत होती. मोटार व ट्रॅक्टर आल्याने निकामी झालेल्या घोड्यांचे मांस डब्यात भरून इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे १९२२ पासून कुत्र्यांसाठी विकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पत्रा आणि मांस दोन्ही सैन्याकडे वळल्याने डबाबंद खाद्य मागे पडून कोरडे खाद्य पुढे आले. आणि १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्याच्या यंत्रातून, म्हणजे ओले पीठ दाबाखाली शिजवून छिद्रातून फुलवत बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, कुत्र्याच्या खाद्याचे दाणे काढले. हा दाणा नीट पाहण्यासारखा आहे. तो हलका, सच्छिद्र आणि कोरडा असल्याने महिनोन्‌महिने टिकतो. फुलवलेला दाणा चवीला निर्जीव म्हणून त्यावर वितळलेल्या चरबीचा फवारा मारतात. आणि पाणी जवळजवळ नसल्यामुळे त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० उष्मांक सामावतात. भाकरीचा तुकडा हातातून सुटताना हाताला कळतो, पण पिशवीतून वाडग्यात ओतलेले दाणे कळत नाहीत, आणि दिवसभर भरून ठेवलेला वाडगा ही सोय कुत्र्याच्या इतिहासात पूर्वी कधीही नव्हती. त्यातच नसबंदीचा प्रसार झाला. तिने कुत्र्याची ऊर्जेची गरज घटते व भूक मात्र वाढते.

पथ्याच्या खाद्याचा उगम मात्र लठ्ठपणात नाही, मूत्रपिंडाच्या विकारात आहे. अंध मॉरिस फ्रँक यांच्या वाटाड्या कुत्र्याला, ज्याचे नाव त्यांच्या इतर कुत्र्यांप्रमाणेच बडी होते, मूत्रपिंडाचा विकार जडला, तेव्हा न्यू जर्सीतील पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी १९३९ च्या सुमारास त्याच्यासाठी प्रथिने व क्षार मोजून खाद्य बनवले. ते त्यांच्या पत्नी घरच्या स्वयंपाकघरात काचेच्या बरण्यांत भरत. बरण्या वाटेत फुटू लागल्यावर १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील हिल पॅकिंग कंपनीला ते डब्यात भरण्याचे काम दिले गेले. औषधाप्रमाणे लिहून द्यायचे खाद्य ही कल्पना अशी रूढ झाली आणि वजन उतरवण्याचे खाद्यही त्या मालिकेत पुढे आले. त्यामागचे तत्त्व सांगण्याजोगे आहे, कारण नेहमीचेच खाद्य निम्मे करण्याचा घरगुती उपाय येथेच फसतो: खाद्य निम्मे केले की उष्मांकांबरोबर प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजेही निम्मी होतात, आणि कुत्रा चरबीबरोबर स्नायूही गमावतो. पथ्याच्या खाद्यात म्हणून चरबी कमी, प्रथिने भरपूर आणि पोट भरल्याची जाणीव देणारा तंतुमय भाग अधिक ठेवतात.

विकाराची मोजदाद याही नंतरची आहे. ब्रिटनमध्ये १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एक हजार कुत्र्यांच्या पाहणीत सुमारे २८ टक्के लठ्ठ आढळले. १९८६ मध्ये आठ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या वर होते. प्रत्येक जातीची अंगलट वेगळी असल्याने एकटा तराजू येथे अपुरा पडतो, म्हणून डॉरोथी लाफ्लॅम यांनी नऊ पायऱ्यांचा शरीरस्थिती गुणांक रूढ केला व १९९७ मध्ये कुत्र्यांसाठी त्याची ग्राह्यता मांडली. त्यात पाहणे आणि चाचपणे एवढेच साधन आहे. तळहात खाली करून मनगटाकडची पालथी बाजू चाचपावी, तशा कुत्र्याच्या बरगड्या पातळ आवरणाखाली बोटांना लागाव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड, आणि तळहाताच्या गादीसारखे मऊ लागून हाड सापडलेच नाही तर तो लठ्ठ. चार-पाच गुण योग्य मानतात. कारवानीसारख्या कुत्र्याच्या बरगड्या मात्र दुरूनही दिसतात व तेच त्याचे आरोग्य असते. त्याला भरवून गुबगुबीत करणारा हौशी मालक त्याचे भले करत नाही.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत निर्णायक प्रयोगात नवे असे कोणतेच खाद्य नव्हते. प्युरिनाच्या शास्त्रज्ञांनी १९८७ च्या सुमारास लॅब्रॅडॉरची ४८ पिल्ले भावंडांच्या जोड्या लावून वाढवली, आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी असे तेच खाद्य जन्मभर घातले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते वय, १३ वर्षे भरले आणि भरपूर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे; शिवाय सांधेदुखीही पहिल्यांना उशिरा गाठत होती. याउलट औषधाचा मार्ग अल्पायुषी ठरला. आतड्यात परिणाम करून भूक मारणारे डिर्लोटापाइड हे कुत्र्यांच्या लठ्ठपणावरील पहिले औषध अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झाले, परंतु ते थांबवताच भूक परत येई, आणि आता ते बाजारात राहिलेले नाही. सगळा दोष मालकाचाच असतो असेही नाही; केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे दिसले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत तृप्तीचा संदेश देणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांची भूक खरोखरच शमत नाही.

मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील विद्या मुख्यतः घोडे आणि गुरे यांच्यासाठी होती. पाळीव कुत्र्याचे वजन हा प्रश्न येथे आला तो सदनिकांबरोबर, म्हणजे जेव्हा राखणीचे काम पहारेकऱ्याने घेतले, फिरणे जिन्यापुरते उरले आणि पोमेरेनियन, लॅब्रॅडॉर व जाहिरातीतून लाडका झालेला पग दिवाणखान्यात आले तेव्हा. पथ्याचा नियम येथेही तोच आहे: आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के इतकीच घट, खाद्य वाटीने न मोजता तराजूवर तोलून, आणि खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत. चार किलो वजनाच्या पोमेरेनियनला क्लायबरच्या सूत्राने दिवसाला सुमारे १९८ उष्मांक येतात. ग्लुकोजच्या एका बिस्किटात वीसहून थोडे अधिक असतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबर त्याला मिळणारी दोन-दोन बिस्किटे ही त्याच्या दिवसभराच्या अन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक होतात.